खप होता, मग पैसा कुठे गेला?

जून १७७२मध्ये लंडनच्या एका बँकेचा भागीदार अलेक्झांडर फोर्डिस फ्रान्सला पळून गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरचा भाव पडेल, असा सट्टा त्याने लावला होता आणि तो अंगाशी आला होता. त्याची बँक बुडाली, घबराट पसरली, बाजारातली उधारी आटली. सगळ्यात आधी थांबली ती चैनीच्या वस्तूंची खरेदी.

या तडाख्यात जोसाया वेजवूड सापडला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात, कुंभाराच्या घरात जन्मलेला हा माणूस. एट्रुरिया नावाचा त्याचा नवा कारखाना सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती. राणी शार्लटने त्याची भांडी घेतली होती, उमरावांच्या दिवाणखान्यांत त्याच्या फुलदाण्या होत्या. बाहेरच्याला वाटावं, याला काय कमी? प्रत्यक्षात मालाचे ढीग पडून होते आणि हातात रोकड नव्हती.

तेव्हा वेजवूड हिशेबाला बसला. प्रश्न साधा होता: एक फुलदाणी बनवून विकायला मला नेमका किती खर्च येतो? तोवर किमती बऱ्याचशा अंदाजाने ठरत. त्याने एकेका कामाचा खर्च वेगळा मांडला, आणि त्याला दिसलं की सगळे खर्च एका जातीचे नसतात.

समजा, फुलदाणी १० रुपयांना विकली. माती, झिलई आणि नगावर दिलेली मजुरी मिळून ६ रुपये गेले. उरलेले ४ रुपये म्हणजे ढोबळ नफा. पण जागेचं भाडं, साचे, कारकुनांचे पगार यांचे महिन्याला २०० रुपये द्यायचेच आहेत. ५० फुलदाण्या विकल्या तर ढोबळ नफा २००. तो सगळा तिथेच संपला. १०० विकल्या तर खिशात २०० उरले. ३० विकल्या तर प्रत्येक फुलदाणीवर ‘नफा’ होऊनही महिनाअखेर ८० रुपयांचा खड्डा.

हे खर्च घड्याळाच्या काट्यांसारखे चालतच राहतात, माल कमी निघो वा जास्त, असं वेजवूडने आपला भागीदार थॉमस बेंटली याला कळवलं. म्हणून त्याच साच्यांतून, त्याच वेळात जास्तीत जास्त माल काढायला हवा. आणि तो विकायचा कुणाला? बड्या लोकांनी फुलदाण्या पुरेशा मिरवल्या होत्या. आता मध्यमवर्गाला त्या हव्याशा वाटत होत्या, फक्त किंमत आवाक्यात हवी होती. मंदीत किंमत उतरवायचं धाडस त्याला या आकड्यांनी दिलं. किती खाली जाता येईल, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्या उदाहरणात ६ रुपयांच्या खाली गेलात, की जितका खप जास्त तितका तोटा जास्त.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. आकडे जुळेनात म्हणून खोलात गेल्यावर कळलं, की लंडनमधला मुख्य कारकूनच अफरातफर करत होता. चांगल्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कारखाना तगला. १७९५मध्ये वेजवूड वारला तेव्हा तो मोठा धनाढ्य होता. आज घरातून केक विकणारी मुलगी ऑर्डरी मोजते, मैदा-लोण्याचा खर्च वजा करते आणि खूश होते. ओव्हनचा हप्ता मात्र ऑर्डरी मोजत नाही. तो दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतोच.