वसईचा परवाना : कार्ताझपासून प्रमाणपत्रापर्यंत

परवाना म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कचेरी, शिक्का आणि हेलपाटे उभे राहतात. होडीच्या परवान्याचा इतिहास मात्र तोफेच्या तोंडाशी सुरू होतो, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या वसईत लिहिले गेले आहे. तेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

ज्या दर्यावर अरब, गुजराती आणि कोकणी तारवे शतकानुशतके ये-जा करीत होती, त्यावर आपल्याच राजाची सत्ता आहे असे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी ठरविले. प्रत्येक व्यापारी तारवाने 'कार्ताझ' नावाचा कागद घ्यावयाचा. त्यात तारवाचे व नाखव्याचे नाव, आकार, शस्त्रे आणि जाण्याचे बंदर लिहिलेले असे. कागद नसला की माल आणि तारू दोन्ही जप्त! कागदाची फी किरकोळ होती. खरी कमाई जकातीची. कारण कार्ताझ घेणाऱ्यास पोर्तुगीजांच्या बंदरात येऊन ती भरावी लागे.

हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्या तहात असे ठरले की, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या तारवांनी वसईस येऊन कार्ताझ घ्यावा आणि परतताना पुन्हा वसईस येऊन जकात भरावी. सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ गलबते बांधू नयेत, असेही कलम होते. पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली आणि वसईस येण्याची ही सक्ती सैल झाली. तरीही परवाना कोणाच्या सोयीसाठी होता, हे या कलमांवरून पुरेसे दिसते.

बरे, कागद घेतला म्हणजे तारू सुरक्षित, असेही नव्हते. बादशहा जहांगीर याच्या मातोश्रींचे 'रहीमी' हे मोठे जहाज १६१३ साली पोर्तुगीजांनी पकडले, तेव्हा त्याच्याजवळ कार्ताझ होता!

पुढे मराठ्यांचे आरमार बळावले. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपले दस्तक घेण्याची सक्ती केली आणि ते न घेणारी जहाजे पकडली. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. स्वतः दिलेला परवाना तो कायदा, आणि दुसऱ्याने मागितला तर दरोडा, असा हा न्याय होता. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा या किनाऱ्यावरील कार्ताझाचा आधारच ढासळला.

या सर्व कागदांत एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही : ही होडी तरेल काय, आणि तांडेलाला ती हाकता येते काय? त्याची परीक्षा कोळीवाड्यात होत असे. वारा, भरती-ओहोटी आणि खडक यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. कच्च्या तांडेलाच्या होडीत कोणी पाऊल ठेवीत नसे. वाफेचे इंजिन आले आणि ही व्यवस्था अपुरी पडली. बॉयलरची परीक्षा उतारू कशी करणार? अनोळखी सारंगाचे कसब त्याला कसे कळणार? म्हणून १९१७ च्या कायद्याने नदी-खाडीतील वाफेच्या बोटींची पाहणी सक्तीची केली, आणि सारंग व इंजिनचालक यांना प्रमाणपत्र घ्यावयास लावले. त्या कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आहे.

वसई-भाईंदर रो-रो सेवा २०२४ साली सुरू झाली. खाडी पुन्हा वाहती वाट झाली. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईहून घारापुरीस जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली व अनेकांचे प्राण गेले. प्रवासी बोटीचा परवाना ८४ उतारूंचा होता. आत शंभराहून अधिक माणसे होती. टक्कर या गर्दीने घडली नाही, हे खरे. पण बुडत्या बोटीत जादा माणूस म्हणजे आणखी एक जीव धोक्यात, हेही तितकेच खरे.

कार्ताझ राज्यकर्त्याच्या खजिन्यासाठी होता. आजचे प्रमाणपत्र उतारूच्या जिवासाठी आहे. तेव्हा सहलीच्या होडीत पाय ठेवण्यापूर्वी माणसांची मर्यादा आणि चालकाचा दाखला विचारणे हा आपला हक्क आहे. एके काळी परवाना विचारण्याचा मान तोफेकडे होता. तो आता आपल्याकडे आला आहे. आपण तो संकोचाने सोडून देऊ नये.