निसटलेल्या 511 चा माग
थोरियमच्या स्रोतासमोर जर्मेनियमचा डिटेक्टर ठेवला की पडद्यावरच्या आलेखात अगदी उजवीकडे, 2614 केईव्हीवर, सुईसारखे एक शिखर उभे राहते. ते थोरियमच्या क्षयसाखळीतल्या थॅलियम-208 च्या गॅमा किरणांचे. डावीकडे सरकत आले की 2103 वर एक बुटके शिखर दिसते आणि 1592 वर आणखी एक. या दोन ऊर्जांचे किरण थॅलियम सोडतच नाही! मग ही शिखरे आली कुठून?

उत्तर वजाबाकीत आहे. 2614 मधून 511 गेले की उरतात 2103. त्यातून पुन्हा 511 गेले की 1592. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची ऊर्जा 511 केईव्ही. पुरेसा जोरदार गॅमा किरण अणुकेंद्राजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला येते. पॉझिट्रॉनला स्फटिकात दुसरा इलेक्ट्रॉन भेटतो, दोघेही संपतात आणि 511 चे दोन किरण एकमेकांच्या उलट दिशांना सुटतात. त्यांतला एक बाहेर निसटला तर एक शिखर, दोन्ही निसटले तर दुसरे. यांनाच एस्केप पीक म्हणतात.

पॉझिट्रॉन 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत सापडला होता. पण ही शिखरे दिसायला ऊर्जा मोजणारे साधन हवे होते; गायगर काउंटर किरणांची नुसती गणती करी. 1948 मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये किंचित थॅलियम मिसळले आणि किरण पडताच लखलखणारा स्फटिक हाती आला. जितकी ऊर्जा स्फटिकात जिरेल, तितका प्रकाश. त्यांनी जॉन मॅकिन्टायर यांच्यासह 1950 च्या सुमारास त्यावर गॅमा किरणांच्या ऊर्जा मोजल्या. याच स्फटिकात कमी ऊर्जेच्या किरणांचीही गळती होते: आयोडीनचा सुमारे 28 केईव्हीचा क्ष-किरण पृष्ठभागाजवळून निसटतो आणि मुख्य शिखराखाली तेवढ्याच अंतरावर एक छोटे शिखर उमटते.

मात्र सोडियम आयोडाइडची शिखरे फार रुंद, शेजारची दोन सहज एकमेकांत मिसळणारी. 1963 मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर प्रयोगशाळेत टॅव्हेंडेल आणि इवान यांनी लिथियम मुरवलेल्या जर्मेनियमचा डिटेक्टर वापरला आणि चित्र लख्ख झाले. या डिटेक्टरला उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचा सहवास कायमचा हवा असे. तो उबदार झाला की लिथियम जागा सोडी आणि सारी मेहनत पाण्यात जाई.

सुरुवातीचे हे स्फटिक इतके लहान होते की 511 चे दोन्ही किरण बहुधा बाहेरच पडत. त्यामुळे मोठ्या ऊर्जेच्या किरणांचे खरे शिखर क्षीण आणि दोनदा निसटलेले शिखर सर्वांत उंच, असा उलटा प्रकार दिसे. संशोधकांनी मग त्याच उंच शिखराचा आधार घेतला: त्याची जागा नेमकी वाचायची आणि 1022 मिळवायचे. खोटे वाटणारे शिखर मापाची पट्टी झाले, आणि या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. स्फटिक मोठे होत गेले तसे खरे शिखर उंचावले.

तरी दोनदा निसटलेले शिखर पुढेही कामी आले. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली गेर्डा प्रयोगाने जर्मेनियमच्या स्फटिकांत जर्मेनियम-76 चा न्यूट्रिनोविना होणारा दुहेरी बीटा क्षय शोधण्याचा प्रयत्न केला. तशा क्षयाची सगळी ऊर्जा स्फटिकात एकाच ठिकाणी जिरायला हवी. दोन्ही 511 निसटलेल्या घटनेतही नेमके तसेच होते. म्हणून डिटेक्टरमधून येणाऱ्या विद्युत स्पंदांचा आकार ओळखायला डिटेक्टरांना जे शिखर नमुना म्हणून दाखवले गेले, ते थॅलियमचेच, 1592 केईव्हीवरचे.