चंद्रावर जाणारी तोफ आणि तिचे वाचक

अद्भुत यंत्रांच्या आणि परग्रहांवरील प्रवासाच्या कादंबऱ्यांत मूल रमलेले दिसले, म्हणजे घरातील वडील मंडळींत सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ करमणूक आहे. तिने डोक्यात भलत्या कल्पना भरतात आणि शाळेतील खरे शास्त्र नीरस वाटू लागते. दुसरा पक्ष म्हणतो, शास्त्राची गोडी लागण्यास याहून सुगम वाट नाही. आज चंद्रावरच्या गोष्टी वाचणारा मुलगा उद्या शास्त्रज्ञ होईल. दोन्ही मते मोठ्या आग्रहाने मांडली जातात. पण दोहोंच्याही बुडाशी पुरावा क्वचितच असतो. सुदैवाने या वादाला थोडा इतिहास आहे, आणि त्यातील बराचसा भाग एकाच पुस्तकाभोवती फिरतो. तो पाहिला असता दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे थोडे दुरुस्त करून घ्यावे लागेल असे वाटते.

ते पुस्तक म्हणजे ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८६५ साली प्रसिद्ध केलेली पृथ्वीवरून चंद्रावर जाण्याची कथा. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे हातावर हात ठेवून बसण्याची पाळी आलेले तोफविद्येचे पंडित वेळ घालविण्यासाठी चंद्रावरच गोळा मारण्याचे ठरवितात. फ्लॉरिडात जमिनीच्या पोटात नऊशे फूट लांबीची तोफ ओतली जाते, पोकळ गोळ्यात तीन माणसे बसतात, आणि दर सेकंदास १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, अशा वेगाने तो गोळा आकाशात झेपावतो. १८७० सालच्या उत्तरार्धात हे प्रवासी चंद्राला वळसा घालून प्रशांत महासागरात येऊन पडतात. पुढे डिसेंबर १९६८ मध्ये 'अपोलो ८' हे यान तीन माणसांना घेऊन फ्लॉरिडातूनच निघाले, चंद्राभोवती फिरले आणि प्रशांत महासागरातच उतरले, तेव्हा व्हर्नला भविष्यवेत्ता ठरविण्याची जणू शर्यत लागली. परंतु या योगायोगांत फारसा अर्थ नाही. या पुस्तकाने शास्त्रावर खरे उपकार केले ते त्यातील बरोबर आलेल्या गोष्टींनी नव्हेत, तर त्यातील एका ढळढळीत चुकीने.

व्हर्नचा वेग जवळजवळ बरोबर होता. पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटण्यास दर सेकंदास सुमारे ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि त्याने आपला आकडा त्या काळच्या गणितावरून घेतला होता. चुकली ती तोफ. शून्यापासून एवढा वेग नऊशे फुटांच्या आत यावयाचा, तर गोळ्याला नळीत मिळणारा काळ एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढाच होतो. नळीची सगळी लांबी हिशेबात धरली तरी आतील माणसाला आपले वजन नेहमीच्या सुमारे बावीस हजार पट झाल्यासारखे वाटेल. साठ किलो वजनाचा मनुष्य तेवढ्या क्षणापुरता तेरा लाख किलोंहून अधिक भाराचा होईल. व्हर्नने प्रवाशांच्या पायाखाली धक्का सोसण्यासाठी पाण्याची गादी घातली होती. पण अशा प्रसंगी पाण्याची गादी आणि दगडाची फरशी यांत फरक उरत नाही. प्रवासी चंद्राकडे निघण्यापूर्वीच संपले असते. हा हिशेब करावयास शाळेतील गणित पुरते. मात्र तो करावा असे वाटले पाहिजे.

तसे वाटणाऱ्यांपैकी एक होता रशियातील कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की. १८५७ साली जन्मलेल्या या मुलाला दहाव्या वर्षाच्या सुमारास लोहितज्वर झाला आणि त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. शाळा सुटली. सोळाव्या वर्षी तो मॉस्कोस गेला आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बसून गणित व पदार्थविज्ञान स्वतःच शिकला. पुढे कालुगा या लहान गावी शिक्षकी करून त्याने आयुष्य काढले. अवकाशप्रवासाचे पहिले बीज आपल्या मनात व्हर्नने पेरले असावे, असे त्याने स्वतः पुढे नमूद केले आहे. परंतु बीज रुजले ते वेगळ्याच रूपात. तोफेने माणूस मरतो; तेव्हा वेग एकदम न देता हळूहळू वाढविणारे साधन हवे, आणि ते निर्वात पोकळीतही चालले पाहिजे. असे साधन म्हणजे अग्निबाण. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने अग्निबाणाचा वेग, इंधनाचा साठा आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग यांचा संबंध गणिताने मांडला आणि द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायू यांची शिफारस केली. याच गृहस्थाने स्वतःही चंद्रावरच्या व अवकाशातील वसतीच्या कथा लिहिल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कल्पनेने सुचविलेले गणिताने तपासावयाचे आणि गणितात बसलेले पुन्हा कल्पनेने रंगवून पाहावयाचे, असा त्याचा क्रम होता.

दुसरा वाचक ट्रान्सिल्व्हानियातील हर्मान ओबेर्थ. जन्म १८९४. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती व्हर्नची ही दोन पुस्तके आली आणि ती त्याने इतक्या वेळा वाचली की जवळजवळ पाठ झाली. एवढे प्रेम असलेल्या पुस्तकाचेच त्याने गणित मांडले आणि त्यातील प्रवासी जिवंत राहणार नाहीत हे ताडले. त्याचीही पावले मग अग्निबाणाकडे वळली. १९२२ साली हायडेलबर्ग येथे त्याचा या विषयावरील डॉक्टरेटचा प्रबंध नाकारण्यात आला, तेव्हा खचून न जाता त्याने १९२३ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. १९२९ साली फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला, तेव्हा त्याचा शास्त्रीय सल्लागार ओबेर्थच होता.

तिसरा अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड. त्याला वेड लावले ते व्हर्नने नव्हे, तर एच. जी. वेल्सने मंगळवासीयांच्या स्वारीवर लिहिलेल्या कादंबरीने. ती त्याने १८९८ साली सोळाव्या वर्षी वर्तमानपत्रातून क्रमशः वाचली. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी घरामागील चेरीच्या झाडावर वाळलेल्या फांद्या तोडण्यास चढला असता, मंगळापर्यंत जाणारे यंत्र करता आले तर काय बहार होईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि ती तारीख तो पुढे जन्मभर पाळीत असे. पण त्याने प्रथम योजिलेले यंत्र, म्हणजे गरगर फिरणाऱ्या वजनाच्या जोरावर वर उचलले जाणारे, चालेना. लाकडी नमुने करून पाहिले, तेही फसले. तेव्हा कुठे न्यूटनच्या नियमांत काही तथ्य असावे असे त्याला वाटू लागले आणि तो पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाकडे वळला. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथील एका शेतात त्याने द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला आणि ४१ फूट उंच गेला. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वर्तमानपत्राने १९२० साली, निर्वात पोकळीत अग्निबाण चालतो असे म्हणणाऱ्या गॉडर्डला शाळकरी ज्ञानही नाही अशी त्याची थट्टा केली होती. ती चूक त्या पत्राने १७ जुलै १९६९ रोजी, माणसे चंद्राच्या वाटेवर असताना, मान्य केली. गॉडर्ड १९४५ सालीच निवर्तला होता.

या तिघांच्या चरित्रांतून काय निघते? कथेने त्यांना शास्त्र शिकविले नाही. किंबहुना कथेतील शास्त्र जेथे लंगडे पडले, तेथूनच त्यांचे शास्त्र सुरू झाले. कथेने दिले ते एवढेच, की एक दूरचे स्थळ हवेहवेसे करून सोडले. त्या ओढीमुळे रस्ता चुकीचा असल्याचे दुःख झाले आणि दुःख झाले म्हणून खरा रस्ता शोधावासा वाटला. ज्याला कथा आवडलीच नाही, तो तिची चूक शोधण्याचे कष्ट घेणार नाही. आणि ज्याला ती नुसतीच आवडली, तो पुस्तक मिटून दुसरे उघडील.

दुसऱ्या पक्षाने येथे सावध राहावयास हवे. व्हर्नचे वाचक लक्षावधी होते; त्सिओल्कोव्हस्की एकच झाला. उलटपक्षी, मायकेल फॅरडेसारखा पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार, विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट बाईंचे रसायनशास्त्रावरील सुबोध संवाद वाचून शास्त्राकडे ओढला गेला. त्याला चंद्रप्रवासाची गरज लागली नाही. आपल्याकडेही १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून व्हर्नची हीच कथा 'चंद्रलोकाची सफर' या नावाने मराठी वाचकांच्या भेटीस आली होती. कथा समुद्र ओलांडून येते. परंतु तिच्याबरोबर प्रयोगशाळा येत नाही, ग्रंथालय येत नाही, आणि मुलाच्या शंकेला उत्तर देणारा शिक्षकही येत नाही. बहिऱ्या त्सिओल्कोव्हस्कीला निदान मॉस्कोचे ग्रंथालय उघडे होते.

आणखी एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ओबेर्थचे १९२३ चे पुस्तक व्हेर्नर फॉन ब्राउन नावाच्या एका जर्मन शाळकरी मुलाच्या हाती पडले. पुस्तक उघडून पाहतो तो पाने गणिताने भरलेली, आणि गणितात तर तो कच्चा. ते समजावे एवढ्यासाठी तो गणिताच्या मागे लागला. विद्येच्या दृष्टीने याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण! पण याच मुलाने पुढे जर्मन सैन्यासाठी जो अग्निबाण सिद्ध केला, तो ८ सप्टेंबर १९४४ पासून लंडनवर पडू लागला; आणि तो तयार करण्यासाठी भूमिगत कारखान्यात राबविलेल्या छळछावणीतील कैद्यांपैकी हजारो जण मृत्युमुखी पडले. त्या अस्त्राच्या माऱ्याने जेवढे मेले, त्याहून ते घडविताना अधिक मेले. चंद्राची ओढ खरी होती, गणितही खरे होते. परंतु ते यंत्र कोणासाठी व कोणाच्या जिवावर उभारावयाचे, हा प्रश्न त्या दोहोंपैकी एकानेही त्याला पुरेशा जोराने विचारला नाही.

सुदैवाने तो प्रश्न विचारण्याची जागा कथेत असू शकते. वेल्स टी. एच. हक्सलेच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला होता, आणि त्याचे मंगळवासी म्हणजे दुर्बळांच्या भूमीवर चालून जाणाऱ्या साम्राज्यांपुढे धरलेला आरसाच होता. शास्त्रज्ञ स्वतः कथाकार होतो, तेव्हा हे दोन्ही पक्ष एका हातात येतात. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली सूर्यमालेत शिरणाऱ्या काळ्या मेघाची कादंबरी लिहिली. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. नावाच्या वजनाने नव्हे, तर गुणाने पारख व्हावी, एवढाच त्यामागे हेतू होता. आणि कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे २०२५ साली झालेल्या निधनापर्यंत ते शास्त्र आणि कथा या दोन्ही घरांत वावरले.

तेव्हा वडील मंडळींस सांगावयाचे ते इतकेच, की मुलाच्या हातून पुस्तक काढून घेऊ नये. पण पुस्तक दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले असेही समजू नये. मूल शेवटच्या पानावर आले, की त्याला सहज विचारावे: हे खरेच घडू शकेल काय? आणि घडले, तर कोणाचे भले होईल, कोणाचे वाईट? पहिल्या प्रश्नासाठी कागद-पेन्सिल लागेल. दुसऱ्यासाठी बहुधा वडील मंडळींना स्वतःच ते पुस्तक वाचावे लागेल.