प्रायश्चित्ताचा कर्ता कोण?

केल्या कर्माविषयीची खंत व्यक्त करण्यास मराठीत अनुताप, पश्चात्ताप व प्रायश्चित्त हे तीन शब्द प्रामुख्याने आढळतात. पहिले दोन अंतःकरणाच्या दाहाचे वाचक होत. तिसरा, तो दोष फेडण्यासाठी करावयाच्या कर्माचा. पैठणच्या एकनाथांनी १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या भागवतटीकेत, सर्वस्व गमावलेल्या कृपण ब्राह्मणाच्या आख्यानात अनुताप हे वैराग्याचे द्वार ठरले आहे. एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मोपदेशकांना हे शब्द आयतेच लाभले. परंतु त्यांतील एकाचा कर्ता मात्र बदलला.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द येथे उद्बोधक ठरतात. तीस रुपये परत करणाऱ्या यहूदाविषयी मत्तय जे क्रियापद योजतो, त्याचा रोख केवळ खंतीवर आहे. ‘मेटानोइआ’ या शब्दात मन पालटून देवाकडे वळण्याचा अर्थ आहे. यहूदाने दोष कबूल केला, पण तो आत्मघाताकडे वळला. पेत्रही गुरूला तीनदा नाकारून रडला; त्याला मात्र पुढे सेवेची आज्ञा मिळाली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल हाच भेद स्पष्ट करतो. मराठीतील ‘पश्चात्ताप’ या एकाच शब्दावर या दोन्ही अर्थांचा भार पडला. उलट, ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मराठी पवित्र शास्त्रात ख्रिस्ताच्या मरणास लावला गेला. म्हणजे दोषी मनुष्याने करावयाचे कर्म देवाने स्वतः केले, असा अर्थ झाला. मनुष्याकडे उरले ते केवळ स्वीकारणे. यालाच कृपा म्हणतात.

हा अर्थभेद केवळ कोशापुरता नव्हता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत याचा ताबा सुप्रीम कोर्टाने पित्याकडे दिला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन स्वजातीत घ्यावे, असा पुरस्कार बाळशास्त्री जांभेकर यांनी केला व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. वादाचा मुद्दा मुलाच्या मनातील खंतीचा नव्हताच. दोष मिटला असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा होता. विरोधकांच्या मते काही दोष कोणत्याही कर्माने मिटण्याजोगे नव्हते. जांभेकरांचे औदार्य असे की, त्यांनी ते द्वार उघडे ठेवू पाहिले.

नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालना येथे गेले व त्याच्या जवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तेथील ख्रिस्ती जन मुख्यतः मांग व महार समाजांतील होते. ज्यांना जन्मतःच अशुद्ध ठरविले गेले होते, त्यांच्यासाठी जातीत परत घेणाऱ्या प्रायश्चित्तास अर्थच नव्हता. कारण परत जावे असे स्थान त्यांना कधी दिलेच गेले नव्हते. दोष पूर्वीच दुसऱ्याने फेडला आहे, हे वचन त्यांच्या कानी निराळे पडले असले पाहिजे.

अर्थात कृपेच्या या मार्गावरही द्वारपाल होतेच: बाप्तिस्म्यापूर्वीची परीक्षा होती, मंडळीची शिस्त होती, आणि उच्चवर्णीय धर्मांतरितांस बहुधा कुटुंबाचा वियोगही सोसावा लागे. तरीही खंतीचा शेवट पाप्याच्या कर्तृत्वावर किंवा समाजाच्या निर्णयावर न ठेवता तो क्षमेवर ठेवणे, हा मराठीतील एका जुन्या शब्दास लाभलेला नवा अर्थ होय. त्या शब्दाचा इतिहास पाहताना धातू व प्रत्यय यांच्याइतकाच त्याचा कर्ताही तपासला पाहिजे.