पूर जात पाहत नाही, पंचनामा पाहतो

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री पाथर्डी-शेवगाव भागात प्रचंड पाऊस झाला आणि नंदिनी नदीचे पाणी शेवगाव तालुक्यातल्या आखेगाव, वरूर, भगूर, खरडगाव या गावांत शिरले. माणसांनी कसाबसा जीव वाचवला. दावणीची जनावरे वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये या दोन्ही तालुक्यांवर पुन्हा तीच वेळ आली. अशा वेळी पुढारी बांधावर येतात आणि सांगतात की निसर्गापुढे कोणाचे चालत नाही. आम्हाला हे मान्य नाही. पाऊस निसर्गाचा, पण पुरात कोणाचे काय बुडते आणि बुडालेले कोणाच्या नावावर मोजले जाते, हे माणसांनी ठरवलेले असते. त्याला इतिहास आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे जोडले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी उलट प्रश्न केला: त्या जमिनीवर राबायला बैल, अवजारे, भांडवल किती आहे? शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, सोबतच्या साधनांवर ठरते. आज शेवगावच्या दोन एकरवाल्याला हा निबंध लागू करून पाहा. त्याची गाय दुधाचा रोजचा पैसा देते, शेळी अडीनडीला विकता येते, शेणखत रानात जाते. पुराने ही दावण रिकामी केली तर सातबारा तसाच राहतो, पण शेती मोडलेली असते. म्हणून लहान शेतकऱ्याचे पुरापासून रक्षण करायचे तर सुरुवात गोठ्यापासून केली पाहिजे. आमच्या सरकारची मोजणी मात्र हेक्टरात सुरू होते आणि हेक्टरात संपते.

आणि ज्याच्याकडे हेक्टरच नाही, त्याचे काय? महार वतनाची गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. जमीन परत मिळाली, पण कब्जेहक्काची रक्कम भरून आणि सरकारी अटींसह. ज्यांच्या वाट्याला तीही आली नाही, त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. आमच्या लोकांनी गायराने कसली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरीही गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही सातबाऱ्याबाहेर आहेत.

पूर ओसरला की याचा हिशेब लागतो. तलाठी सातबारा मागतो. गायरान कसणाऱ्याचे किंवा तोंडी बटईने रान करणाऱ्याचे पीक सडले तरी कागदावर त्याचे काहीच गेलेले नसते. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख जाहीर झाले. पण जमीन ज्याच्या नावावर, मदत त्याला. जनावरांच्या मदतीला सातबारा लागत नाही, हे खरे. दुभत्या गाईला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० रुपये असे दर आहेत. बाजारात या पैशात चांगली दुभती गाय मिळत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, मेलेले जनावर दाखवावे लागते. नदीने नेलेली शेळी कुठून दाखवायची? त्यात २०२४ साली सरकारने ठरवले की कानात बिल्ला नसलेल्या जनावराला भरपाई नाही. बिल्ला मारायला डॉक्टर वस्तीवर आला होता का, हे कोणी विचारले नाही. गावकुसाबाहेरची वस्ती ओढ्याकाठी, उतारावर कोणी वसवली, हे तर कधीच विचारले जात नाही.

पुराशी लढण्याची दृष्टी आपल्या परंपरेत नव्हती असे नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये डोंगरउतारावर ताली-बांध घालून पाणी जिरवण्याचा आणि त्यासाठी सरकारने पलटणी-पोलिसांना कामाला लावण्याचा उपाय १८८३ सालीच सांगितला होता. नंदिनीचा पूर जिथून उतरतो, त्या पाथर्डीच्या डोंगरांना आजही हाच उपाय लागू आहे. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओडिशातील पुरांवर भूमिका मांडली. तोवरच्या समित्या पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्राकडे जाऊ द्या म्हणत होत्या. बाबासाहेब म्हणाले की जादा पाण्याला संकट समजून समुद्राकडे हाकलू नका. ते साठवा आणि सिंचन, वीज, जलवाहतूक यांसाठी लोकांच्या कामी लावा. दामोदर खोरे योजनेमागेही हाच विचार होता.

महाराष्ट्राने धरणे बांधली, पण लोकांच्या कामी हा भाग विसरला. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली, उद्घाटन १९७६ साली. नाथसागरात शेवगाव तालुक्याच्याही जमिनी गेल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ चा, म्हणजे जमिनी बुडाल्यावर. त्याच पाण्यासाठी ताजनापूर उपसा सिंचन योजनेची वाट पाहण्यात शेवगावच्या गावांची कित्येक वर्षे गेली. धरण उशाला आणि कोरड घशाला. आणि अतिवृष्टी झाली की पूर दारात.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखतात, तशी नंदिनीसारख्या लहान नद्यांनाही आखा. ओढ्यांची पात्रे मोकळी करताना बुलडोझर फक्त झोपडीवर चालवू नका; धनदांडग्यांनी अडवलेले पात्रही मोजा. प्रत्येक पूरप्रवण वस्तीत जनावरांसाठी उंच ओटा, निवारा आणि चाऱ्याचा साठा असू द्या. ते काम रोजगार हमीतून होऊ शकते. बिल्ले वस्तीवर येऊन मारा. जनावर वाहून गेले असेल तर ग्रामसभेची साक्ष पुरावा माना. पंचनामा मालकासोबत कसणाऱ्याचाही करा.

यात भीक मागण्यासारखे काही नाही. लहान शेताचा प्रश्न १९१८ मध्ये आणि पुराचा प्रश्न १९४५ मध्ये ज्या माणसाने मांडला, त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक सरकारकडे हा हिशेब आम्ही मागत राहू.

जयभीम!