शाळेंतील कपाटाची किल्ली

शाळा हा शब्द उच्चारतांच फळा, खडू, घंटा आणि हजेरीपट या वस्तु डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पुस्तकांचें कपाट आठवतें तें सर्वांच्या मागून. तें बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलींत किंवा कचेरीच्या एका कोपऱ्यांत असावयाचें, त्याला भलें मोठें कुलूप असावयाचें, आणि कांचेआडच्या पुस्तकांच्या पाठी मुलांनीं येतां-जातां नुसत्या पाहावयाच्या, असा प्रकार अनेक शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. या कपाटांत कोणतीं पुस्तकें असावींत, तीं कोणी निवडावींत आणि किल्ली कोणाच्या हातीं असावी, हे तीन प्रश्न दिसावयास किरकोळ आहेत. परंतु गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रांतील मुलांनीं काय वाचलें आणि त्यांचें काय वाचावयाचें राहून गेलें, याचा इतिहास या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सांठलेला आहे.

आरंभीं निवडीस वावच नव्हता. जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें धुळपाटीवर अक्षरें गिरवीत, पावकी-निमकी घोकीत आणि मोडी कागद वाचावयास शिकत. छापील पुस्तक ही वस्तु तेथें ठाऊक नव्हती. पेशवाई संपल्यावर थोड्याच वर्षांनीं, १८२२ मध्यें, शाळा काढणें व शाळांसाठीं पुस्तकें तयार करणें या हेतूनें मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे अध्यक्ष होते. १८२७ पासून ही मंडळी ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिच्यापुढील अडचण उघड होती. मुलांच्या हातीं द्यावयास मराठींत छापील पुस्तकच नाहीं, तर शाळा चालवावयाची कशावर? म्हणून मंडळीनें भाषांतरें करविलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इसापाच्या गोष्टी मराठींत आणिल्या, आणि १८२८ मध्यें त्यांचें ‘बाळमित्र’ हें पुस्तक निघालें. त्याचें मूळ फ्रेंच. तेथून तें इंग्रजींत आलें आणि इंग्रजींतून मराठींत. फ्रान्सांतील मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टी अशा रीतीनें मराठी मुलांच्या हातीं पडल्या. या काळीं ग्रंथनिवड म्हणजे कोणतें पुस्तक भाषांतरास घ्यावें, एवढाच प्रश्न होता. तो सोडविणारे गृहस्थ विद्वान् होते, सद्धेतूचे होते, परंतु वाचणाऱ्या मुलापासून फार दूर होते.

पुढें १८५४ मध्यें वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्यें मुंबई इलाख्यांत सरकारी शिक्षणखातें सुरू झालें. खात्याबरोबर तपासनीस आले, क्रमिक पुस्तकें आलीं, आणि निवडीचीं सूत्रें समित्यांच्या हातीं गेलीं. तत्पूर्वींच, १८५१ पासून, दक्षिणा प्राइझ कमिटी मराठी ग्रंथांस बक्षिसें देऊं लागली होती. पेशवे श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांना जी दक्षिणा वांटीत, तिच्यांतील कांहीं पैसा कंपनी सरकारनें या कामाकडे वळविला होता. या कमिटीमुळें कित्येक उपयुक्त ग्रंथ लिहिले गेले, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु १८५५ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक तिच्याकडे पाठविलें, तें तिनें स्वीकारलें नाहीं. एका अडाणी शेतकरी जोडप्यास जोशीबुवा कसे नाडतात आणि अखेर तीं दोघें शिकण्याचा निश्चय कसा करितात, हा त्या नाटकाचा विषय. या नकाराची तक्रार फुल्यांनीं स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत नोंदविली आहे. नाटक छापून प्रसिद्ध झालें तें १९७९ मध्यें, म्हणजे लिहिल्यापासून सव्वाशें वर्षांच्या सुमारास. ज्या शेतकऱ्याच्या मुलाला तें आपल्या घरचें वाटलें असतें, अशा मुलांच्या कित्येक पिढ्या तोंपर्यंत शाळेंतून बाहेर पडल्या, आणि कित्येक शाळेंत आल्याच नाहींत. निवडीचें सामर्थ्य जेवढें घेतलेल्या पुस्तकांत दिसतें, तेवढेंच तें न घेतलेल्या पुस्तकांतही असतें. मात्र न घेतलेल्या पुस्तकाची नोंद शाळेच्या कोणत्याही वहींत होत नाहीं.

शिक्षणखात्याची दुसरी रीत मंजुरीची. अमुक पुस्तक शाळांतून बक्षिसासाठीं व संग्रहासाठीं मंजूर झालें आहे, अशा अर्थाची ओळ जुन्या मराठी पुस्तकांवर वारंवार आढळते. या मंजुरीचे दोन उपयोग होते. आडगांवच्या मास्तरास शेंकडों पुस्तकें स्वतः चाळून पाहणें शक्य नव्हतें. त्याला यादीचा आधार मिळे. प्रकाशकालाही कांहीं प्रती खपण्याची शाश्वती वाटे. परंतु यादीची एक खोड अशी कीं, ती प्रथम आधार असते आणि हळूहळू कुंपण होते. लेखक मुलाकडे पाहून लिहिण्याऐवजीं तपासनिसाकडे पाहून लिहूं लागतो. मास्तरही, पुस्तक चांगलें आहे काय, हें न विचारतां तें यादींत आहे काय, एवढेंच विचारतो. १९१० च्या प्रेस ॲक्टानंतर हें कुंपण अधिकच उंच झालें. त्याच वर्षीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारनें बंदी घातली. महाभारतांतील कथासुद्धां जेथें संशयास पात्र ठरली, तेथें सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेनें बिनधोक तेवढींच पुस्तकें घ्यावींत, यांत नवल नाहीं.

मुलांच्या आवडीचा खरा अभ्यास केला तो मासिकांनीं. विनायक कोंडदेव ओक हे स्वतः शिक्षणखात्यांतले. परंतु १८८१ मध्यें त्यांनीं ‘बालबोध’ मासिक काढलें आणि १९१४ मध्यें निधन होईपर्यंत तें चालविलें. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ मध्यें ‘आनंद’ सुरू केलें. क्रमिक पुस्तक मुलाला वाचावेंच लागतें; मासिकाला सक्तीचा वाचक नसतो. अंक कंटाळवाणा निघाला तर मूल तो बाजूला टाकतें आणि पुढील वर्षाची वर्गणी येत नाहीं. म्हणून गोष्ट किती, चरित्र किती, शास्त्रीय माहिती किती, याचें माप अशा संपादकास मुलाच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवावें लागतें. शाळेच्या कपाटास हा धडा मिळावयास मात्र फार काळ लागला.

कपाट उघडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तो बडोदें संस्थानांत. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत आणि १९०६ मध्यें साऱ्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. मुलें साक्षर होऊं लागलीं. पण शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक नसेल तर शिकलेलीं अक्षरें चार वर्षांत पुसून जातात. यावर उपाय म्हणून १९१० मध्यें महाराजांनीं अमेरिकेंतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास आणविलें. पुढील कांहीं वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग निघाला, मुलांसाठीं वेगळें दालन झालें, आणि फिरत्या पेट्या सुरू झाल्या. पुस्तकांनीं भरलेली लांकडी पेटी मागणी येतांच खेड्यांत जाई, कांहीं मुदत तेथें राही, आणि परत येऊन दुसऱ्या गांवीं निघे. नेण्या-आणण्याचा खर्च गांवावर पडत नसे. गांवास कायमचें ग्रंथालय हवें असल्यास लोकांनीं जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनें आणि तेवढीच सरकारनें घालावी, अशी योजना होती. पुष्कळ गांवीं मास्तर हेच ग्रंथपालाचें काम पाहत. मोतीभाई अमीन या शिक्षकानें तर या चळवळीस आपलें आयुष्य वाहिलें. अशा व्यवस्थेंत निवडीला एक नवा साक्षीदार मिळतो. परत आलेली पेटी उघडतांच कोणतें पुस्तक हाताळून मऊ पडलें आणि कोणतें कोरें करकरीत राहिलें, हें कोणी न सांगतां कळतें.

पैसा नसतांही शिक्षक काय करूं शकतो, याचें उदाहरण खानदेशांत सांपडतें. १९२४ ते १९३० या काळांत अमळनेर येथील शाळेंत पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक होते. श्रोत्यांना ते साने गुरुजी या नांवानेंच अधिक परिचित आहेत. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते ‘छात्रालय दैनिक’ हातानें लिहून काढीत. तेथें मंजुरीची यादी नव्हती आणि कुलूपही नव्हतें. निवडणारा आणि वाचणारे एकमेकांस रोज भेटत होते. पुढें १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. मुलांच्या हातांनीं झिजलेल्या मराठी पुस्तकांत तिचें स्थान फार वरचें आहे.

याच सुमारास मद्रासेंत शियाळी रामामृत रंगनाथन यांनीं ग्रंथालयाचें शास्त्र बांधलें. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्यें त्यांनीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांचा आशय असा कीं, पुस्तकें वापरण्यासाठीं असतात. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वांचला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. पहिलें सूत्र इतकें साधें आहे कीं तें सांगावें लागावें याचेंच आश्चर्य वाटतें. परंतु तें शाळांस सांगण्याची फार गरज होती. १९५२-५३ मध्यें मुदलियार आयोगानें देशांतील माध्यमिक शाळा पाहिल्या, तेव्हां बहुतेक ठिकाणीं पुस्तकें जुनाट व मुलांच्या वयास न शोभणारीं, त्यांच्या आवडीचा विचार न करतां घेतलेलीं, थोड्याशा कपाटांत कोंबलेलीं आणि एखाद्या कारकुनाच्या अथवा उदासीन शिक्षकाच्या हवालीं केलेलीं, असें चित्र त्याला दिसलें.

या उदासीनतेचा सारा दोष शिक्षकावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. वर्षाच्या शेवटीं मोजदाद व्हावयाची आणि एखादें पुस्तक कमी भरलें कीं त्याचा जाब ज्याच्याकडे किल्ली त्याला द्यावा लागावयाचा. हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारणारे पुष्कळ. न वाचलेल्या पुस्तकाचा जाब विचारणारा कोणी नाहीं. अशा स्थितींत सामान्य माणूस कुलूप लावील, नाहीं तर काय करील?

मग निवड व व्यवस्था असावी कशी? चांगल्या शाळांतून रूढ झालेली रीत साधी आहे. वर्षाच्या आरंभीं हातांतील रकमेचे तीन भाग पाडतात : कोश व नकाशे यांसारखे संदर्भग्रंथ, शिकविल्या जाणाऱ्या विषयांस पूरक पुस्तकें, आणि केवळ आनंदासाठीं वाचावयाचीं पुस्तकें. मुख्याध्यापक, ग्रंथपाल व निरनिराळ्या विषयांचे शिक्षक यांची समिति बसते आणि मुलांच्या मागणीची वही तिच्यापुढें ठेविली जाते. पुस्तक प्रत्यक्ष हातीं घेऊन अक्षराचा आकार, कागद, बांधणी व चित्रें पाहतात. एखादें पान मोठ्यानें वाचलें म्हणजे भाषा कोणत्या इयत्तेस पेलेल, हें तत्काळ कळतें. शास्त्राचें किंवा भूगोलाचें पुस्तक असेल तर तें कोणत्या वर्षीं छापलें, हें पाहणें अगत्याचें असतें. घेतलेलें पुस्तक दाखल-नोंदवहींत चढतें, त्यावर शिक्का व क्रमांक पडतो, मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीनें त्याचें विषयवार स्थान ठरतें, आणि मग तें देवघेवीस मोकळें होतें. प्रत्येक वर्गासाठीं तीस-चाळीस पुस्तकांची एक पेटी करून ती दर सत्रास बदलली, तर लहान शाळेंतही काम भागतें. यांतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे देवघेवीची वही. कोणत्या मुलानें काय नेलें, काय दुसऱ्याच दिवशीं परत केलें, काय दोनदां मागितलें, हें तींत लिहिलेलें असतें. पुढील वर्षाची निवड करावयास बसतांना ही वही जो उघडीत नाहीं, तो अंधारांत खरेदी करितो.

यावर असा आक्षेप येतो कीं, मुलांना आवडेल तेंच घ्यावयाचें तर शिक्षकाचें काम उरलें काय? आक्षेप रास्त आहे. मूल आपण होऊन राक्षस-परींच्या गोष्टी मागेल, चरित्र किंवा प्रवासवर्णन मागणार नाहीं, कारण तें त्यानें अद्याप चाखलेलेंच नसतें. म्हणून आवड ही जिन्याची पहिली पायरी समजावी. तिच्यावर पाय ठेवूं दिल्याशिवाय मूल वर चढत नाहीं, आणि वरची पायरी कोणी दाखविली नाहीं तर तें तेथेंच बसून राहतें. पायरी दाखविणें हें शिक्षकाचें काम. चढण्याची सक्ती करणें हें नव्हे.

मधल्या काळांत साधनें पुष्कळ वाढलीं. १९५७ मध्यें नॅशनल बुक ट्रस्ट निघाला, १९६७ मध्यें पुण्यास ‘बालभारती’ स्थापन झाली, आणि १९७१ पासून तिचें ‘किशोर’ मासिक मुलांच्या हातीं येऊं लागलें. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेंत प्राथमिक शाळांना द्यावयाच्या साहित्यांत पुस्तकांचाही समावेश झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत तर प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें आणि तेथें वृत्तपत्रें, मासिकें व गोष्टींचीं पुस्तकें असावींत, असें स्पष्ट सांगितलें आहे. १८२२ मध्यें जें पुस्तक मिळविण्यासाठीं भाषांतरकार शोधावा लागे, तें आज मुलाचा हक्क म्हणून कायद्यांत लिहिलें गेलें आहे. हा प्रवास लहान नव्हे.

तथापि कायदा कपाट देऊं शकतो. तें उघडण्याचें काम माणसासच करावें लागतें. ज्या घरीं पुस्तकांची फळी आहे, त्या घरच्या मुलाचें शाळेचें कपाट बंद राहिलें तरी फारसें अडत नाहीं. ज्या घरीं पंचांगाखेरीज छापील कागद नाहीं, त्या घरच्या मुलाला मात्र जगाकडे जाणारी तीच एक वाट असते. पुस्तकें निवडणाऱ्या समितीपुढें हें मूल कधींच हजर नसतें. त्याची आठवण ठेवून जी निवड होते तीच खरी निवड. आणि ज्या कपाटाची किल्ली शोधावी लागत नाहीं, तेंच शाळेचें खरें ग्रंथालय होय.