अध्यापनयंत्रांचा इतिहास आणि सीमाभागातील भाषेचा प्रश्न

गणित व विज्ञानाच्या अध्यापनात संगणकावरील 'अनुकूलनशील' प्रणालींचा वापर वाढत आहे. विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तरावरून पुढील प्रश्न ठरविणे, हे त्यांचे मूलतत्त्व होय. त्याचा संक्षिप्त मागोवा घेऊन बेळगाव-निपाणी भागापुरता एक प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

विद्यार्थी जेथे उभा आहे तेथून आरंभ करावा, हा विचार संगणकाहून जुना आहे. दिल्ली कॉलेजात आधुनिक विज्ञान उर्दूतून शिकविले जाई. तेथील मास्टर रामचंद्र यांनी 1850 मध्ये महत्तम व लघुतम मूल्यांवर ग्रंथ लिहिला. हे प्रश्न सामान्यतः कलनशास्त्राने सोडवितात. रामचंद्रांनी ते बीजगणिताने सोडविले, कारण बीजगणित ही येथील परिचित परंपरा होती. डी मॉर्गन यांच्या पुढाकाराने 1859 मध्ये तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला.

अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी 1920 च्या दशकात, तर स्किनर यांनी 1950 च्या दशकात अध्यापनयंत्रे तयार केली. 1960 मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकप्रणाली सुरू झाली. 1985 मध्ये दुआन्यों व फाल्मान्य यांनी ज्ञान-अवकाशाचा सिद्धांत मांडला. 'अ‍ॅलेक्स' ही प्रणाली त्यावरच उभी आहे.

आपल्याकडे 2004 मध्ये एज्युसॅट उपग्रह सोडण्यात आला. बेळगाव येथे मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ त्याच्या प्रायोगिक प्रकल्पात सहभागी होते. मात्र तेथे एकच व्याख्यान सर्वांसाठी एकाच गतीने चाले. पुढे 'माइंडस्पार्क' या भारतीय प्रणालीचा दिल्लीत अभ्यास झाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सहावीचे विद्यार्थी गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत त्यांची लक्षणीय प्रगती झाली. तेथे विद्यार्थ्यांना प्रश्न हिंदीतून मिळत होते, ही बाब महत्त्वाची आहे.

सीमाभागात स्थिती वेगळी आहे. उर्दू माध्यमातील 'मुसल्लस' मराठीत 'त्रिकोण', तर कन्नडमध्ये 'त्रिभुज' होतो. 'कसर' म्हणजे मराठीतील 'अपूर्णांक' आणि कन्नडमधील 'भिन्नराशी'. दहावीनंतर विज्ञानशाखेत हे सर्व एकदम इंग्रजीत येते. अशा विद्यार्थ्याचे उत्तर चुकले, तर प्रणाली त्याची नोंद गणितातील उणीव म्हणून करते आणि त्याला खालच्या पाठाकडे पाठविते. वास्तविक अडचण शब्दाची असू शकते. जे त्याला येते तेच तो पुन्हा शिकत राहतो, आणि आपल्याला गणित येत नाही असे हळूहळू मानू लागतो.

म्हणून अशी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयांनी एक साधी चाचणी घ्यावी: तेच प्रश्न इंग्रजीत व विद्यार्थ्याच्या माध्यमभाषेत द्यावेत आणि गुणांतील फरक पाहावा. तसेच गणित व भाषेच्या अध्यापकांनी मिळून उर्दू-मराठी-कन्नड-इंग्रजी परिभाषासूची तयार करावी. यंत्र चूक मोजू शकते. ती गणिताची की भाषेची, याची शहानिशा अध्यापकालाच करावी लागेल.